पळसबनची न मोजलेली चार घरं

तवनाप्पा मगदुमांना किळस फार लवकर यायची. कपाच्या कडेवर माशी टेकली की चहा बाजूला. एसटीत शेजारचा माणूस गुटखा चघळणारा निघाला की हे सांगलीपासून विट्यापर्यंत उभे. बाहेरून आले की कोपरापर्यंत हात दोनदा धुवायचे, आणि धुताना तोंड असं करायचे की बघणाऱ्याला वाटावं, या माणसानं आत्ताच कुणाचं तरी मढं उचललंय. बायको चंदनबाला म्हणायची, "आवं, साबणानं स्वभाव निघत न्हाई."

सांगलीपासून दोन कोसांवर, कृष्णाकाठच्या गावात त्यांचं घर. घराणं जैन, चार पिढ्या उसाचे शेतकरी. पाणी गाळून प्यायचं, सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचं, चालताना खाली बघायचं, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून. नोकरी मात्र मोजणी खात्यात, भूकरमापकाची. लोणंदपासून जतपर्यंत पस्तीस वर्षं मोजणीची साखळी ओढत हिंडले. सातारा-सांगलीतली शेकडो गावं त्यांनी पायाखाली घातली, आणि कुणाच्या सांगण्यावरून एकाचा बांध दुसऱ्याच्या रानात सरकवला नाही. हे ते स्वतःच सांगत. वारंवार सांगत. ऐकणारा कंटाळला तरी सांगत.

निवृत्त झाल्यावर त्यांना एक नाद लागला, हरवलेल्या वस्त्या शोधायचा. इंग्रज अमदानीतल्या पहिल्या मोजणीचे नकाशे आणि आताचे गटांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवायचे. जुन्यावर घरांचे बारके चौकोन आहेत आणि नव्यावर तिथं कोरं आहे असं दिसलं की वहीत नोंद करायची, एसटी धरायची आणि त्या जागी जाऊन उभं राहायचं. औंध संस्थानाच्या हद्दीवर राखण करणाऱ्या रामोशांची सात घरं होती. संस्थान गेलं, हद्द गेली, घरंही गेली. जतच्या बाजूला कानडी बोलणाऱ्या विणकरांची एक आळी होती, तिथं आता बोरी आणि एक फुटकं जातं. अशा सतरा वस्त्या त्यांच्या वहीत होत्या. कोण राहायचं, का उठले, कुठं गेले, हे जमेल तेवढं लिहिलेलं. अक्षर मोत्यासारखं.

हा नाद करायचा तर दप्तरखान्यात जायला लागायचं, आणि तिथं त्यांचा जीव जायचा. काय सांगावी त्या खोलीची शोभा! कोपऱ्याकोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, गठ्ठ्यांना उंदरांच्या मुताचा वास, फडताळाच्या वरच्या कप्प्यात कुणाचं तरी वर्षानुवर्षं न नेलेलं हेल्मेट. एकदा त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा शिपायानं चहाच्या किटलीखाली घातला होता. एका अख्ख्या गावावर चहाचा गोल उमटला होता, देवळापासून ओढ्यापर्यंत. "माणसं आहेत की कोण ही!" असं म्हणत तवनाप्पा बाहेर आले आणि नळ शोधत राहिले. नळाला पाणी नव्हतं.

गावं पुसतात ती अशा हलकट लोकांमुळं, असं त्यांचं ठाम मत होतं.

माघातल्या एका सकाळी हरणाबाई सदाफुले त्यांच्या दारात आली. पासष्टीची, सडसडीत, पायात रबरी चप्पल, हातात कापडी पिशवी. चप्पल फाटकाबाहेर काढून ती तिथंच उभी राहिली. चंदनबालेनं दोनदा बोलावलं तेव्हा कुठं पायरीपर्यंत आली आणि पायरीवरच बसली.

"आवं सायेब, मान तालुक्यातलं पळसबन गाव ठावं हाय का तुमाला?"

"पळसबन? अहो, मी मोजलंय की ते गाव! एक्याऐंशी साली. पाटलांच्या घरी उतरलो होतो." तवनाप्पांचा चेहरा उजळला. "काय माउली होती ती पाटलीणबाई! मला कांदा-लसूण चालत नाही म्हणून वेगळ्या चुलीवर स्वयंपाक. मुगाची आमटी आणि लोणकढं तूप. अजून चव आठवते बघा."

हरणाबाईनं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "आमाला बी वास यायचा त्या तुपाचा. वारं हिकडचं आसलं की."

मग तिनं आपलं काम सांगितलं. पळसबनच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडं, ढोरवाडा होता. चामडं कमावणाऱ्यांची घरं. विहिरीचं पाणी बैलांकडून ओढायची जी चामड्याची मोठी पिशवी, ती मोट, ही माणसं करायची. मेलेलं जनावर गावातून ओढून न्यायचं, कातडं चुन्याच्या कुंडात भिजवायचं, केस खरवडायचे, मग बाभळीची आणि तरवडाची साल घातलेल्या पाण्यात दिवस दिवस मुरवायचं. आसपासच्या दहा गावांच्या विहिरींवर पळसबनच्या मोटा चालायच्या. पुढं इंजिनं आली, मोटा गेल्या, आणि घरं एकेक करून मुंबईला, धारावीला निघून गेली. शेवटची चार राहिली होती, त्यांत हरणाबाईच्या नवऱ्याचं एक. त्र्याऐंशी साली तीही गेली. आता नवरा वारला, मुंबईची खोली गेली, म्हातारपणी ती परत आली. सरकारी घरकुल मंजूर झालं. पण घरकुल बांधायला जागा हवी, आणि ढोरवाड्याची जागा कागदावर गायरान निघाली. गावची चराऊ पड जमीन. वर त्या गायरानावर सौरऊर्जेचा प्रकल्प येतोय.

"सरपंच म्हनतोय, हितं कवा कुनी ऱ्हातच नव्हतं. माजं जोतं हाय तितं, सायेब. कुंडं हायती. मालकाच्या आयबाची समाधी हाय. आन म्हनं कुनी ऱ्हात नव्हतं!"

तवनाप्पा ताठ बसले. "माझ्या मोजणीतून वस्ती सुटायची नाही, बाई. नंतर कुणीतरी नकाशात गडबड केली असणार. हे दप्तरातले लोक काय करतील सांगता येत नाही. मी शोधून काढतो. ज्यानं कुणी हे केलंय त्याला साहेबापुढं उभा करतो."

"व्हय," हरणाबाई म्हणाली. "तुमीच शोदा."

चंदनबालेनं तिला चहा दिला. तिनं तो प्याला, कप स्वतः विसळून पायरीवर पालथा घातला आणि ती गेली. तवनाप्पांनी त्या कपाकडं एकदा बघितलं. तो कप चंदनबालेनं आत नेऊन बाकीच्या कपांत ठेवला तेव्हा त्यांचं लक्ष होतं.

जुना नकाशा शोधायला आठ दिवस गेले. सापडला तेव्हा तवनाप्पांना अत्यानंद झाला. ओढ्यापलीकडं अकरा बारके चौकोन, त्यांच्यापुढं सहा गोल, कुंडांचे, आणि बाजूला मोडीत लिहिलेलं, ढोरवाडा. इतकं स्वच्छ की आंधळ्यालाही दिसावं. त्यांनी नक्कल काढून घेतली, खिशातल्या रुमालात गुंडाळली आणि तालुक्याच्या गावी हरणाबाईच्या अर्जाच्या सुनावणीला गेले.

तिथं सरपंच लालासाहेब आधीच येऊन बसला होता. तवनाप्पा ज्यांच्या घरी जेवले त्या पाटलांचा हा मुलगा. कांजी केलेले पांढरे कपडे, कपाळाला टिळा, तोंडात लवंग. बाहेर त्याचा स्वतःचाच वाढदिवसाचा फलक लागलेला, महिना उलटून गेला तरी. त्यानं तवनाप्पांचे पाय धरले.

"आण्णा, आमच्या आईनं तुमास्नी जेवू घातलंय. घरचं मानूस तुमी. कशाला त्या घाणीत हात घालताय?"

"कसली घाण?"

"न्हाई, आमच्याकडं जातपात काय न्हाई," लालासाहेब घाईनं म्हणाला. "बाबासाहेबांच्या जयंतीला म्होरं आमीच आसतो. पन खरं त्ये खरं. तितं गुरंच चरायची."

याच्या बापाच्या विहिरीवर मोट कुणाची होती? कुणाच्या हातच्या चामड्यातून पडलेल्या पाण्यावर यांचं माळवं पिकलं, यांची लग्नं झाली? ते पाणी सगळ्या गावाला चालत होतं. मोट करणाऱ्याच्या घरचा तांब्या मात्र चालत नव्हता. आणि आता हा लवंग चघळत सांगतोय, गुरं चरायची! तवनाप्पांना त्याच्या तोंडाचा तो लवंगेचा वासही सहन होईना. ते उठून दुसऱ्या बाकावर बसले.

सुनावणी घेणारे साहेब मात्र सरळ होते. त्यांनी जुना नकाशा नीट पाहिला, मग एक्याऐंशीचा पाहिला.

"हे बघा मगदूमसाहेब, जुन्यात वस्ती आहे, मान्य. पण एक्याऐंशीच्या मोजणीत इथं कोरं आहे. म्हणजे त्या साली तिथं कुणी राहत नव्हतं. वस्ती आपणहून उठली असेल तर जागा गायरानात जाते. एक्याऐंशीला माणसं राहत होती एवढं दाखवा. जोती जागेवर जुळली की त्या जागा मी गायरानातून बाहेर काढतो. पंधरा दिवसांनी या."

"दाखवतो," तवनाप्पा म्हणाले. "नकाशा नंतर कुणीतरी बदललाय. मोजणीची मूळ वही काढतो. जागेवर उभं राहून लिहिलेली असते ती. तिच्यात सगळं असणार. ती मोजणी माझीच आहे."

लालासाहेब हसला. हरणाबाई मागच्या बाकावर बसली होती. ती हसली नाही.

मूळ वही सापडली ती एका फुटक्या पेटीत, वाळवीच्या मातीसकट. तवनाप्पांनी नाकाला रुमाल लावला आणि दोन बोटांनी पानं उलटली. पळसबन. गट एक, गट दोन. बांध, विहीर, आंब्याचं झाड, सगळं जागच्या जागी. आणि मग ओढ्यापलीकडची ओळ.

"ढोरवाडा. वस्ती नाही. पडीक. गायरानात सामील."

खाली सही. त. आ. मगदूम.

खाडाखोड नाही. दुसरी शाई नाही. अक्षर मोत्यासारखं.

ते कितीतरी वेळ त्या ओळीकडं बघत बसले. पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, कुणीतरी आपल्या अक्षराची नक्कल केली. मग स्वतःचीच लाज वाटली. आपलं अक्षर आपल्याला कळत नाही होय? आणि मग, त्या कुबट खोलीत, वाळवीच्या वासात, एक जुना वास हळूहळू वर आला. चुन्याचा, भिजलेल्या केसांचा, बाभळीच्या सालीचा, सडक्या मांसाचा. त्याच्याबरोबर सगळंच आलं.

पौषातला दिवस होता. वय तेवीस. सकाळपासून साखळी ओढून गाव मोजून झालं होतं, राहिला होता फक्त ढोरवाडा. ऊन कलतीला आलं होतं. ओढ्याच्या अलीकडच्या बांधावर ते उभे राहिले आणि वाऱ्याबरोबर तो वास आला. पलीकडं चार घरं दिसत होती, पत्र्याची दोन, गवताची दोन. कुंडांत कातडी भिजत घातलेली होती आणि त्यांच्यावर माशांचे थवे. साखळी धरणारा गावचा गडी म्हणाला, "सायेब, तितं जायाचं म्हंजे डोक्यावरनं आंगुळ करायला लागंल. पाटलीनबाई तसं घरात घ्याची न्हाई."

तवनाप्पांनी सूर्याकडं बघितलं. आत जायचं, चार घरं मोजायची, परत यायचं, डोक्यावरून अंघोळ करायची, तोवर सूर्य मावळणार. सूर्य मावळला की जेवण नाही, पाणीसुद्धा नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी. आणि पाटलांच्या घरी मुगाची आमटी तयार होती.

त्यांनी रुमाल नाकावर बांधला, वही उघडली आणि बांधावर उभ्या उभ्या ती ओळ लिहिली.

लिहीत असताना पलीकडून एक बाई घराबाहेर आली. तरणी, हिरव्या लुगड्यातली. हात उंच करून तिनं हाक मारली, "आवं सायेब! हिकडं या की! आमची घरं ऱ्हायली मोजायची!"

त्यांनी ऐकलं. अगदी स्वच्छ ऐकलं. आणि न ऐकल्यासारखं करून ते वळले.

त्रेचाळीस वर्षं त्यांना आमटीची चव आठवत राहिली. हाक आठवली नाही. माणूस किती घाण असू शकतो याला काही माप आहे का? पिचकाऱ्या टाकणारे शिपाई बरे म्हणायचे. त्यांनी भिंत घाण केली. किटलीखाली नकाशा घालणाराही बरा. त्याला ठाऊकच नव्हतं तो काय करतोय. तवनाप्पांना ठाऊक होतं. त्यांनी मुंग्या वाचवत वाचवत चालून जाऊन चार चुली विझवल्या, आणि वर पस्तीस वर्षं लोकांना सांगत फिरले की मी खोटी रेघ ओढली नाही.

घरी येऊन त्यांनी हात धुतले. दोनदा धुतले, मग तिसऱ्यांदा. चंदनबाला मागं येऊन उभी राहिली.

"आवं, काय झालं?"

त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना तिच्याकडं बघितलं नाही. शेवटी म्हणाले, "वही परत पेटीत ठेवून आलोय. कुणी ती उघडणार नाही. मूळ वही सापडली नाही म्हणून सांगता येईल. सापडत नाहीतच कितीतरी. त्या बाईचं दुसरं काहीतरी बघू. गावात कुठंतरी दुसरी जागा..."

माठावरचं पाणी गाळायचं फडकं काढून चंदनबालेनं ते त्यांच्यापुढं धरलं.

"बारीक किडा मरू नये म्हणून आपण ह्यातनं पाणी गाळतो न्हवं? मग ती चार घरं कशातनं गाळली तुमी?"

तवनाप्पांनी परत साबण उचलला.

"त्या बाईचा कप मी बाकीच्यात ठिवला तवा तुमी बघत होता," ती म्हणाली. "मला दिसलं. त्याच दिवशी वंगाळ वाटलं मला. पण म्हटलं, जाऊ दे, म्हातारा झालाय."

आयुष्यात चंदनबाला त्यांना इतकं कधी बोलली नव्हती. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ते पाटावर बसले, पण घास तोंडाशी नेला की तो वास येई. जेवण तसंच राहिलं.

पुढच्या तारखेला तवनाप्पांनी मूळ वही साहेबांपुढं ठेवली. लालासाहेबानं मान उंच करून ती ओळ वाचली आणि मोठ्यानं म्हणाला, "बघा! सायेबांनी सोताच्या हातानं लिवलंय! वस्ती न्हाई!"

"लिहिलंय," तवनाप्पा म्हणाले. "ते खोटं आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"वस्ती होती. चार घरं. दोन पत्र्याची, दोन गवताची. कुंडांत कातडी होती. हिरव्या लुगड्यातली एक बाई मला मोजायला बोलवत होती. मी ओढा ओलांडला नाही."

"का?"

"वास येत होता."

"एवढ्यासाठी?"

"आत गेलो असतो तर अंघोळ करावी लागली असती. अंघोळ करेपर्यंत सूर्य मावळला असता. माझं जेवण चुकलं असतं." त्यांनी लालासाहेबाकडं बोट केलं. "ह्यांच्या आईनं केलेलं जेवण."

लालासाहेब उठला. "सायेब, आण्णांचं वय झालंय. इसारभोळं झाल्यात. सरकारी कागुद खरा का म्हातारा मानूस खरा?"

"तो कागद मीच केलाय, रं!" तवनाप्पा ओरडले. कुणी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. "त्याच्यात काय घाण आहे ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?"

साहेबांनी कारकुनाला जबाब घ्यायला सांगितलं. कारकुनानं वाक्य बोलून दाखवत लिहिलं, "वास येत होता व जेवणाची वेळ टळली असती, या कारणास्तव वस्ती नाही असे नमूद केले." ऐकताना मागं कुणीतरी फिसकन हसलं. तवनाप्पांनी खाली सही केली. त. आ. मगदूम. तेच वळण, तेच अक्षर, आणि सही करताना त्यांना शिसारी आली.

साहेबांनी हुकूम दिला, जागेवर जाऊन जोती मोजा. जबाबाशी जुळली तर चार जागा बाहेर काढतो. मोजणीच्या वेळी मगदुमांनी हजर राहावं.

मोजणीला खात्यातली रेश्मा कदम आली होती. पस्तिशीची, चटपटीत, काठीवरचं उपग्रहाचं यंत्र खांद्यावर घेऊन. यायला उशीर झाला, कारण आदल्या गावी बांधावरून भांडण लागलं होतं. ढोरवाड्यावर पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. तवनाप्पांच्या हातात चंदनबालेनं दिलेला डबा होता.

त्यांनी पहिल्यांदाच ओढा ओलांडला.

वास नव्हता. त्रेचाळीस वर्षांत तो केव्हाच उडून गेला होता. पण घाण होती. दगडानं बांधलेली ती सहा कुंडं, ज्यांचा दगड न दगड अजून जागेवर होता, त्यांत गावानं कचरा आणून टाकला होता. दारूच्या बाटल्या, लहान मुलांची वापरलेली लंगोटं, थर्माकोलच्या ताटल्या, कुठल्या तरी लग्नातल्या. एका कुंडात मेलेलं कुत्रं. चामडं कमावणाऱ्यांच्या कुंडांना ज्यांनी नाकं मुरडली, त्यांनी स्वतःची घाण मात्र बरोबर तिथंच आणून ओतली होती. रेश्मानं ओढणी नाकाला लावली. तवनाप्पांचा हात खिशातल्या रुमालाकडं गेला आणि तिथंच राहिला.

हरणाबाईनं जोती दाखवली. काटेरी झुडपं बाजूला केली की दगडांची ओळ दिसायची. रेश्मा यंत्र रोवायची, आकडे बोलायची. तवनाप्पा गुडघे टेकून हातानं माती बाजूला करत कोपऱ्याचा दगड शोधायचे. पहिलं घर झालं. दुसरं झालं. हातांना माती, काटे, कसलं कसलं ओलं लागलं. तिसऱ्याला वेळ लागला, कारण जोत्याचे निम्मे दगड गावातल्या कुणाच्या तरी गोठ्यात गेले होते.

तिसरं संपलं तेव्हा सूर्य पळसांच्या शेंड्यांवर आला होता. रेश्मानं घड्याळ बघितलं. तिला जबाब माहीत होता, सगळ्या खात्याला माहीत झाला होता.

"आण्णा, तुमची जेवायची वेळ झाली ना? तुम्ही डबा खाऊन घ्या. चौथं घर आपण उद्या करू. एका दिवसानं काय बिघडतंय?"

तवनाप्पांनी हरणाबाईकडं बघितलं. ती चौथ्या जोत्यावर उभी होती, घराचा उंबरा जिथं असेल तिथं. ओढा समोर, पलीकडं तो बांध. तिला तिथं तशी उभी राहिलेली पाहून त्यांनी ओळखलं.

"तुम्ही होता," ते म्हणाले. "हिरव्या लुगड्यातल्या."

"व्हय."

"मला ओळखलं होतं?"

"नकाशाच्या खाली नाव हाय न्हवं तुमचं. भाचीनं वाचून दावलं. म्हनून तर तुमच्या दारात आले. जुना नकाशा मला कशाला पायजे? आमी हितं ऱ्हात हुतो ह्ये मला ठावं हुतं आन तुमाला ठावं हुतं. तिसरं कोन हुतं?"

"मग पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

"बोलले आसते तर दार लावलं आसतं तुमी." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त लागलं. "एकदा हाक मारून बघितली हुती की मी."

तवनाप्पांनी डबा झुडपाखाली ठेवला, धोतर गुडघ्यांवर घेतलं आणि चौथ्या घराच्या कोपऱ्यापाशी खाली बसले.

"यंत्र आणा," ते रेश्माला म्हणाले. "उद्या नाही."

पहिला कोपरा लगेच सापडला. दुसऱ्यावर बाभळ उगवली होती. तिसऱ्याशी असताना सूर्य बुडाला. चौथा कोपरा शोधताना त्यांचा हात कुंडाच्या काठावरून घसरून कोपरापर्यंत त्या कचऱ्यात गेला. तो बाहेर काढून त्यांनी धोतराला पुसला आणि परत माती उकरायला लागले. दगड लागला तेव्हा रेश्मानं मोबाईलचा उजेड धरून आकडा घेतला.

"हे घर कुणाच्या नावावर लिहू?" तिनं विचारलं.

"हरणाबाई मारुती सदाफुले," तवनाप्पांनी सांगितलं. मग त्यांना वाटलं, विचारायला हवं. "बरोबर ना, बाई?"

"बराबर," हरणाबाई म्हणाली.

रात्री ते तालुक्याच्या गावी मुक्कामाला राहिले आणि सकाळच्या गाडीनं घरी आले. चंदनबालेनं हातातला डबा घेतला. तो जड लागला. तिनं झाकण उघडलं तसा विटलेल्या मुगाच्या आमटीचा आंबूस वास सगळ्या ओट्यावर पसरला. तवनाप्पा तिथंच बसले होते, नखांत कालची माती. त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही.

"सगळी झाली?" तिनं विचारलं.

"चारही," ते म्हणाले.

चंदनबालेनं डबा धुवायला मोरीत नेला.